दुपट्ट्याखालचा सौदा

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी हसण्यासाठी वाचतो. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाच्या गाडीचा बल्ब आपोआप जातो... मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि ती म्हणते, "एवढं खोटं वाटते तर वाचता कायले?" तिचं बरोबर आहे. पण सवय.

आमच्या घरात हे प्रकार कधीच चालले नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपल्यात भरून वैनगंगेत सोडून आले होते. बाबा शाळामास्तर. अमक्याच्या अंगात आलं असं कोणी जेवताना नुसतं म्हटलं, तरी ते ताट सरकवून उठायचे. मी त्यांचाच मुलगा. त्यामुळे पुढचं लिहिताना मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटतेय. बाबा आज असते तर हे लिहिलंच नसतं.

भंडाऱ्यात माझं वाद्यांचं दुकान आहे. दुरुस्ती आणि जुन्या मालाची खरेदी-विक्री. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती आणि तिकडची गिऱ्हाइकं तिकडच्याच दुकानांत जाऊ लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. दिवाळी झालेली, धानाची कापणी सुरू, आणि गावोगावच्या मंडईची तयारी. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा. मंडई आली की नाटकं आली. माझी मुलगी रश्मी त्या वर्षी एका नाटक कंपनीत ड्रम वाजवणार होती. पोरगी आणि ड्रम! नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली, पण कंपनीच्या मालकानं तिचा हात ऐकला आणि लगेच तिला घेतलं. त्याची अट एकच होती - विजेवरचा ऑक्टोपॅड नको, त्याला जुन्या लाकडाचा खरा आवाज हवा. तसा सेट तुमचा तुम्ही आणा.

आणि नेमका तेव्हाच सानगडीहून निरोप आला. सुखदेव म्हणून एक वादक होते. भीमगीतांच्या गायन पार्टीत त्यांनी उभा जन्म ड्रम वाजवला. ते वारले होते आणि त्यांच्या बायकोला, मंदाबाईंना, त्यांचा 'जाझ' विकायचा होता. आमच्याकडे ड्रमसेटला सगळे जाझच म्हणतात. मी मनात म्हटलं, चला, घरबसल्या काम झालं.

सानगडीला पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. अंगणात गायन पार्टीची जुनी मंडळी आधीच बसलेली. कोणी पेटीवाला, कोणी कोरसवाला. प्रत्येकाचं म्हणणं, जाझ वर्गणीतून घेतला होता, म्हणून आमचाही शब्द राहील. मंदाबाई पदर डोक्यावर घेऊन दाराशी बसल्या होत्या. त्या एकदाच बोलल्या.

"जय भीम भाऊ. तुमी पाहा आन् काय तो वाजवी भाव सांगा. मले त्यातलं काई समजत नाई."

मी पाहायला बसलो. मंडळी, जुन्या ड्रमची पारख म्हणजे ढोराचे दात पाहण्यासारखं काम आहे. वरच्या चमकीला भुलायचं नाही. हा सेट लाल, मोत्याची झाक असलेल्या पत्र्यानं मढवलेला, कलकत्त्याकडचा असावा. कंपनीचं नाव कधीच घासून गेलेलं. मी कातडी उतरवून लाकडाच्या कडांवर काच ठेवून पाहिली. कडा सपाट होत्या. ड्रम कुठेही लंबगोल झालेला नव्हता. रिंगांना गंज होता, पण स्क्रूंचे आटे शाबूत. एका झांजेला कडेला केसाएवढी चीर. बासच्या पॅडलची स्प्रिंग मेलेली. पण स्नेअरवर, म्हणजे सेटमधल्या चपट्या छोट्या ड्रमवर, बोट मारलं आणि असा कोरडा, नितळ आवाज आला की अंगणातले म्हातारेसुद्धा बोलायचे थांबले.

मग मी काड्या पाहिल्या. काड्या माणसाबद्दल सगळं सांगतात. घामानं लाकूड जिथे काळं पडतं, तिथे बोट असतं. उजव्या काडीवर अंगठ्यासह पाचही बोटांच्या खुणा होत्या. डाव्या काडीवर अंगठा आणि दोन बोटं. बस. पुढे लाकूड कोरं.

मी विचारलं, "सुखदेवभाऊंच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती का हो?"

मंदाबाईंनी पदर तोंडाशी धरला. पेटीवाला म्हणाला, "भातगिरणीच्या पट्ट्यात गेली ना. करंगळी आन् तिच्या बाजूची. पर तीन बोटानं वाजवे, अन् काय वाजवे!"

मला अभिमान वाटला स्वतःचा. बघा, काडी पाहून सांगितलं! तेव्हा कशालाच घाबरलो नव्हतो, उलट फुशारलो होतो.

मनात मी पाच हजार धरले होते. वाजवी भाव तोच होता. पण एवढ्या लोकांत आकडा बोलणं म्हणजे त्या बाईच्या पदरात काही न पडणं. म्हणून मी एक शहाणपणा केला. माझे सासरे साकोलीकडच्या ढोरबाजारात दलाल. त्यांच्याकडून मी दुपट्ट्याखालचा सौदा शिकलो होतो. घेणारा आणि विकणारा दुपट्ट्याखाली हात घालतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पूर्ण पंजा म्हणजे पाच. शेवटी समोरच्यानं आपला सगळा पंजा धरून दाबला की सौदा पक्का. तोवर काहीच पक्कं नाही. आणि करताना एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचं नाही. चेहऱ्यावरून आजूबाजूच्यांना भाव कळतो.

"मंदाताई, मी तुमच्या भावासारखा," मी म्हटलं, "इकडे या, बसा."

त्या बिचकत येऊन समोर बसल्या. हात टेकायला मध्ये काहीतरी हवं म्हणून मी स्नेअर ठेवला आणि त्याच्यावर दुपट्टा पसरला. मग आत हात घातला आणि समोरच्या कडुनिंबाकडे बघत बसलो.

हातात हात आला. खरबरीत, चिवट. रोवणी-कापणी करणाऱ्या बाईचा हात असाच असणार, म्हणून मला नवल वाटलं नाही. पाच सांगायला मी पंजा धरायला गेलो... आणि पंजा पुरला नाही. अंगठा आणि दोन बोटं हाताला लागली, पुढे काही नाही. मला वाटलं, बाईनं लाजून दोन बोटं मुडपली. मी परत चाचपायला लागलो तेवढ्यात तो हात फिरला आणि त्यानं माझी बोटं धरली. करंगळी आणि अनामिका. अशी आवळली की माझ्या तोंडून आवाज निघता निघता राहिला.

दोन. म्हणजे दोन हजार! मला वाईट वाटलं. बिचारीला मालाची किंमतच ठाऊक नाही. मी काही लुटारू नाही. मी हात काढला, दुपट्ट्याच्या घडीत पुरते पाच हजार गुंडाळले आणि मंदाबाईंच्या ओंजळीत ठेवले. त्यांनी मोजलेसुद्धा नाहीत. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पंजा दाबायचा राहून गेला हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

टेम्पोत सामान भरून निघालो. संध्याकाळी कारध्याच्या पुलावर आलो आणि मागे स्नेअर वाजायला लागला. अगदी बारीक, सरसर. ड्रायव्हर म्हणाला, "हे काय वाजून रायलं भाऊ?" मी त्याला ज्ञान पाजळलं - स्नेअरच्या खाली तारा असतात, गाडीच्या थरथरीनं त्या वाजतात.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "गाडी त बंद हाय ना भाऊ."

खरंच बंद होती. पुढे ट्रक अडकला होता आणि आम्ही पुलावर उभे होतो. मी म्हटलं, वारा असेल. नदीवर वारा असतोच.

रश्मी सेट पाहून नाचायचीच बाकी राहिली होती. मी चीर गेलेली झांज बदलली, पॅडलला नवी स्प्रिंग घातली, स्नेअरला हात लावला नाही. ती दुकानाच्या मागच्या खोलीत दिवसा रियाज करायची. पहिले काही दिवस छान गेले. मग एकदा काडी तिच्या डाव्या हातातून सुटली आणि भिंतीवर आदळली. दुसऱ्या दिवशी परत तेच.

"बाबा, बोटं सुन्न पडून राहिली," ती हसत म्हणाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. मी दोन्ही हातांत धरून चोळली. दुपारची वेळ, खोलीत उकाडा, आणि ती दोन बोटं माठातल्या पाण्यासारखी गार.

मी म्हटलं, रियाज कमी कर. तिनं माझं ऐकलं तर ती माझी मुलगी कसली! मंडई तोंडावर आली होती. कंपनीच्या दुसऱ्या सेटवर वाजवताना तिला काही होत नव्हतं. या सेटवर बसली की होत होतं. उठल्यावर थोड्या वेळानं बोटं परत ठीक व्हायची. मग तो थोडा वेळ वाढत गेला.

एका सकाळी ती चहा पीत दारात उभी होती. काचेचा ग्लास, चहा नुकता उकळलेला. बायकोनं किंचाळून ग्लास हिसकावला तेव्हा मी पाहिलं. तिच्या करंगळीवर चांगला टपोरा फोड आला होता आणि पोरगी आमच्याकडे बघत होती, काय झालं म्हणून. तिला कळलंच नव्हतं. तो चेहरा मी विसरणार नाही. पहिल्यांदाच ती घाबरली होती. मी तिच्या आधीपासून घाबरलो होतो, पण ते कबूल करत नव्हतो.

सेट मी त्याच दिवशी कुलपात टाकला. बोटांतली जाण मात्र परत आली नाही. नागपूरला नसांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सुया टोचल्या, मशीन लावलं, रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, नस तर चांगली आहे. जास्त वाजवल्यानं होतं असं, आराम करा. रश्मी परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. तशीच म्हणाली, "बाबा, काडी धरताच नाई आली त मी काय करू?"

सासरे नातीला बघायला आले. बोलता बोलता मी त्यांना सौद्याची गंमत सांगितली, म्हणजे गंमत म्हणूनच सुरू केली. दोन हजार मागितले, मी पाच दिले वगैरे. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"कोनती दोन धरली जवाईबापू?"

मी दाखवली. करंगळी आणि अनामिका.

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "दोन म्हंजे अंगठ्याजवळची दोन. बाजार कोनताबी असो. ती दोन कोनी धरतच नाई. त्या बाईले इचारलं का तुमी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सानगडीला गेलो. स्नेअर पिशवीत घालून नेला होता, का नेला ते तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मंदाबाई अंगणात धान वाळत घालत होत्या. मी सरळच विचारलं, ताई, तुम्ही माझी ही दोन बोटं का धरली होती?

त्या गोंधळल्या. मग लाजल्या. "भाऊ, रागवू नका. चार लोकांत परक्या मानसाच्या हातात हात कसा देऊ मी? मी त हात घातला आन् लगेच काढून घेतला. तुमी झाडाकडं पाहून रायले होते. मले वाटलं तुमी मनात हिसोब करून रायले."

ऊन होतं. कोंबड्या धानावर येत होत्या आणि त्या हातानं हाकलत होत्या. दोन्ही हात मला दिसत होते. पाची बोटं, धड, सरळ.

सासऱ्यांनीच पुढचं विचारलं. "सुखदेवची बोटं गिरणीत कवा गेली? जाझ घेतल्यावर की आंधी?"

"घेतल्यावर. घेतला तवा पाची होती," मंदाबाई म्हणाल्या. "साल नाई झालं त गेली. ज्याच्याकडून घेतला त्याचा हातबी तसाच होता म्हनत. हे हसत, म्हनत मंदे, मले जाझ लय महाग पडला."

मला बाबा आठवले. ताट सरकवून उठणारे. मी उठलो नाही. मी पिशवीतून स्नेअर काढून जमिनीवर ठेवला आणि सासऱ्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा मागून घेतला. मंदाबाई मागे सरकल्या. "हे काय करून रायले भाऊ?" मी म्हटलं, सौदा अर्धवट राहिला होता ताई.

भर दुपारी, समोर कोणी नसताना, शिकला-सवरलेला माणूस दुपट्ट्याखाली हात घालून बसला होता. रस्त्यानं जाणारं कोणी थांबून पाहत असेल तर पाहो. मी कडुनिंबाकडे तोंड केलं. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका पुढे केली, बाकीची बोटं मुडपून घेतली. मनात एवढंच म्हणत होतो, पोरीची नको, माझी घे.

बराच वेळ काहीच झालं नाही. ड्रमचं कातडं उन्हानं तापलेलं होतं. मला स्वतःचं हसू यायला लागलं, आणि खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं. मग कातडं हाताखाली गार पडत गेलं. खालच्या तारा सरसरल्या. मंदाबाईंनी हुंदका दिला तो मला ऐकू आला. त्यांना तो आवाज ओळखीचा होता.

खरबरीत अंगठा आणि दोन बोटं. त्यांनी माझी दोन बोटं धरली. या वेळी आवळली नाहीत. कोणी वजन पाहावं तशी किंचित उचलून धरली. मग हात गेला.

मी दुपट्टा काढला. कातडं होतं, ऊन होतं. माझी दोन बोटं पांढरी पडली होती आणि मला ती माझी वाटत नव्हती.

सासरे अजून झाडाकडेच बघत होते. तिकडे बघतच त्यांनी विचारलं, "पंजा दाबला ना त्यानं?"

"हो," मी म्हणालो.

संध्याकाळी घरी आलो तर गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आलं. रश्मी दुकानाचं कुलूप उघडून बसली होती. स्नेअर माझ्याकडे होता म्हणून तिनं स्टीलचा डबा पालथा घातला होता आणि त्यावर वाजवत होती. डावा हात पाण्यासारखा चालत होता. मी गल्लीतच भिंतीला टेकून उभा राहिलो आणि रडलो. बाबा गेले तेव्हाही एवढा रडलो नव्हतो.

रश्मीनं मंडईत वाजवलं, त्यानंतर कितीतरी सीझन वाजवलं. आजही वाजवते. त्याच सेटवर वाजवते, तिला सोडवत नाही, आणि मी तिला खरं काही सांगितलेलं नाही. नवीन आलेली पोरं मला विचारतात, "काका, हा जुना जाझ केवढ्याचा असन?" जन्मभर पारख केलेला माणूस मी, तिथे मात्र पुटपुटतो आणि विषय बदलतो.

माझी दोन बोटं तेव्हापासून सुन्नच आहेत. डॉक्टर म्हणतात, दुकानात कोपर टेकवून बसता, कोपरातली नस दबली. पटण्यासारखं आहे. रश्मीचं तर रियाजामुळे झालं होतं, आरामानं बरं झालं. तेही पटण्यासारखं. मंदाबाई दुःखात होत्या, त्यांना कदाचित नीट आठवत नसेल. एकेक गोष्ट वेगवेगळी घेतली तर बाबांसमोरसुद्धा मांडता येईल. सगळ्या एकत्र घेतल्या की मला काहीच सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला सांगता आलं तर जरूर सांगा, मी वाद घालणार नाही.

रश्मीचा कार्यक्रम जवळपास असला की मी जातो. पुढे बसतो. लोक नाटक पाहतात, मी तिचा डावा हात पाहतो. दोन बोटं मी दिली, त्याबद्दल मला काहीच वाटत नाही. पोरीच्या हातापुढे तो भाव स्वस्तच होता. पण सासरे आता नाहीत, म्हणून एक गोष्ट इथे लिहून टाकतो. त्या दिवशी मी त्यांच्याशी खोटं बोललो. पंजा दाबला गेला नव्हता. त्यानं बोटं घेतली आणि हात काढून घेतला. ती पूर्ण किंमत होती की नुसता विसार, हे मला अजून माहीत नाही.